खिळ्यावरची चावी

परभणी,
१४ जून २०२४

चि. राजेश्री हिस अनेक आशीर्वाद.

मंगळवारच्या वर्गात तू शेवटच्या रांगेत बसली आहेस हे मला आधी दिसलं असतं, तर मी चौथं प्रकरण दाखवलं नसतं. एवढं पहिल्यांदा सांगतो.

तुमच्या कंपनीत मी वर्षातून दोनदा सुरक्षिततेचा वर्ग घेतो. हा वर्ग बाहेर पॅनेल बसवायला जाणाऱ्या नव्या मुलांसाठी होता आणि तू चाचणी विभागात आहेस. तू तिथे असशील असं मनातही आलं नाही. पडद्यावर ते जळालेलं पॅनेल आलं आणि मी नेहमीची वाक्यं बोललो. 'मराठवाड्यातली एक जिनिंग मिल. कामगाराने परस्पर दुसरी चावी बनवून घेतली. चालू पॅनेलचं दार उघडलं. अकरा हजार व्होल्ट. जागीच गेला.' मी मिलचं नाव घेत नाही, माणसाचंही घेत नाही. पाच वर्षांत बावीस ठिकाणी हे बोललो आहे. मुलं एकदम गप्प होतात आणि मग नीट ऐकतात, म्हणून हे प्रकरण मी जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवतो.

मागून आवाज आला, "सर, त्याला दुसरी चावी कशाला लागत होती?"

आवाज ओळखायला मला वेळ लागला. तू मला कधी सर म्हणाली नव्हतीस. डबा घेऊन मिलवर यायचीस तेव्हा साहेब म्हणायचीस, आणि तुझे बाबा, बजरंग, गेल्यानंतर काका. मी म्हणालो, "चौकशीत सगळं आलेलं आहे." तू पिशवी उचलून बाहेर गेलीस. उरलेला वर्ग मी पूर्ण केला.

तू सातवीत असशील. पॅनेलच्या खोलीत तुझे बाबा जेवत होते आणि मी तुला ती चावी दाखवली होती. आठवतं? ब्रेकर चालू आहे तोवर चावी त्याच्या कुलपात अडकलेली असते, कितीही ओढली तरी निघत नाही. ब्रेकर बंद केला की सुटते. तीच चावी मागच्या दाराला लागते. म्हणजे चावी हातात आली, तर आत वीज नाही. तू विचारलंस, "आन् दुसरी चावी आसली तर?" मी हसलो होतो. म्हणालो, "दुसरी नसतेच. तीच तर सगळी युक्ती आहे." दाराशेजारच्या खिळ्यावर चावी अडकवायची आणि त्या खिळ्याखाली बजरंगने स्वतःच्या हाताने, लाल तैलरंगात लिहिलं होतं : चावी खिळ्यावर, तर वीज बंद. अक्षर चांगलं होतं त्याचं.

जे झालं त्याचा अहवाल आहे. त्यात जे आढळून आलं तेच मी वर्गात सांगतो. आत हात घालण्याआधी तारांना, राहिलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावायचा असतो, तो लावलेला नव्हता, हेही त्यात आहे. तू आता या क्षेत्रातली आहेस. या गोष्टी भावनेने बघू नयेत.

यापुढे तुमच्या कंपनीत हे प्रकरण दाखवणार नाही.

तुझा काका,
व्यंकटराव सेलूकर


परभणी,
९ जुलै २०२४

चि. राजेश्री हिस अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. डिप्लोमाच्या निकालानंतर मी तुला दिलेला, तारेतला प्रवाह मोजायचा टाँग टेस्टर तू परत पाठवलास. सोबत चिठ्ठी नाही. बॅटरी काढून वेगळ्या कागदात गुंडाळलेली होती. उपकरण पाठवताना बॅटरी काढावी हे मीच तुला सांगितलं होतं.

फोन लागत नाही, म्हणून पुन्हा रजिस्टर पत्र. मागच्या पत्राची पोचपावती आली, तिच्यावर तुझी सही होती. तेवढंच तुझं अक्षर सध्या माझ्याकडे येतं.

तुझ्या काकूने मागच्या पत्राची कच्ची प्रत वाचली. तुला अनसूया माहीत आहे, ती कुणालाही सोडत नाही. म्हणाली, "अहो, हे पत्र आहे की अहवाल? 'आढळून आलं.' कुणाला आढळून आलं?" मी म्हणालो, "मला." ती म्हणाली, "मग तसं लिहा की."

लिहितो. चावी बजरंगने बनवून आणली, हे खरं आहे. परभणीच्या बाजारात छत्री लावून बसणारा म्हातारा चावीवाला होता, त्याला फोटो दाखवला तेव्हा तो लगेच म्हणाला, "हां साब, येईच आया था." चावी मागच्या दाराच्या कुलपात सापडली. तिच्यावर कोणतीही खूण नव्हती, अगदी मूळ चावीसारखी. त्यावरून ती मूळ चावीच्या जागी गुपचूप वापरण्याचा हेतू असावा, असा निष्कर्ष मी काढला. हातात असलेल्या पुराव्यावरून दुसरा निष्कर्ष निघत नव्हता.

बजरंगला चावीवाल्याकडे कुणी पाठवलं, हा प्रश्न चौकशीत आला नाही. कुणी विचारला नाही.

तू विचारलास तो प्रश्न वेगळा होता, हे मला समजतं. पण एक लक्षात घे. तुझ्या नोकरीसाठी मी शिफारसपत्र दिलं, मुलाखतीआधी आठवडाभर तुला आमच्या घरी बसवून रिले शिकवले, ते काही कुणाच्या सांगण्यावरून नाही. मनापासून केलं. ते सगळं एका प्रश्नाने खोटं ठरत नाही.

उत्तर लिही. दोन ओळी लिही.

तुझा काका,
व्यंकटराव


परभणी,
३० जुलै २०२४

चि. राजेश्रीस,

पोस्टकार्ड मिळालं. 'चावीवाल्याकडं कोण गेलं ते मला माहीत आहे. पाठवलं कुणी? एका ओळीत लिहा. मोठं पत्र नको.'

मी एक ओळ लिहायला बसलो आणि ती लिहिण्याऐवजी ताडकळसला गेलो. तुला ते आवडणार नाही. तुझ्या आईला भेटायला नको जायला होतं, पण गेलो.

बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर मिरची-लसणाची पालं, त्यातून गाडी पुढे जाईना, म्हणून चालत गेलो. धुरपताबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. तुझे चुलते सटवाजी बैलाला पाणी दाखवत होते. ते मला बघून उभे राहिले, पण या म्हणाले नाहीत. तुझी आई म्हणाली, "या साहेब, बसा. लय दिसानं आलाव. पोरीचा फोन आल्ता. म्हनली, त्यांचा फोन आला तर उचलू नको. मी म्हनलं, फोन न्हाई उचलत, पर दारात आलेल्या माणसाला काय करू?"

चहा दिला. चहात साखर कमी होती. मला मधुमेह आहे हे पाच वर्षांनंतरही त्यांच्या लक्षात होतं.

मी म्हणालो, "कसं चाललंय?"

"चाललंय. सटवाजीभावजी हायत, रान करत्यात. पोरगी धाडती." मग त्यांनी तुरीचं सूप बाजूला ठेवलं. "एक इचारू का, साहेब? तुमी शिकलेले हाव. माझा माणूस चोर व्हता का?"

"असं कोण म्हणतं?"

सटवाजी तिकडूनच बोलले. "कोन म्हनत न्हाई ते इचारा. हितं बाजारात कुनाचं कुलूप तुटलं की पोरं म्हनत्यात, जा, बजरंग्याच्या घरी इचारा, चावी घावंल. हसत्यात. आमी बी हसतो. काय करावं मंग? रोज भांडावं?"

धुरपताबाई म्हणाल्या, "कागदावर तसंच हाय म्हनं. चोरून चावी केली म्हून. पर साहेब, चोरून केली असती तर घरी आणून दाखवली असती का मला? म्या बघितली ती चावी. मुठीला लाल पट्टी गुंडाळलेली. तारांना लावत्यात नं, तसली चिकटपट्टी. म्या म्हनलं, हे काय, चावीला कुकू लावलं का? तर म्हनले, अगं, ही दुसरी हाय. खरीत मिसळू ने म्हून लाल केली. उद्या साहेबाला द्यायची हाय."

उद्या साहेबाला द्यायची आहे. त्या हे माझ्या तोंडावर बोलल्या आणि त्यांच्या बोलण्यात काही टोचणी नव्हती. त्यांना वाटत होतं, मी ऐकून काही उलगडा करीन. "मंग त्या दिवशी त्यांना लाल कशी दिसली न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मला माहीत नाही, धुरपताबाई."

चहा संपवला आणि उठलो. सटवाजी वेशीपर्यंत मागे आले.

तुझी एक ओळ : मी पाठवलं.

व्यंकटराव सेलूकर


परभणी,
२१ ऑगस्ट २०२४

राजेश्री,

तू पुढे काही विचारलं नाहीस. तरी लिहितो. अनसूया म्हणते, आता थांबलात तर तुम्ही पुन्हा अहवालच लिहायला लागाल.

दुसरी चावी मला लागत होती. बजरंगला नाही.

माझं काम तुला माहीत आहे. तुमच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ब्रेकर तपासून मी परभणीला आलो, तेव्हा इथे जिनिंग मिलवाले तारांचा सांधा जळेपर्यंत पॅनेलकडे बघत नव्हते. मी उष्णतेचा कॅमेरा विकत घेतला. तो घेऊन हंगामाच्या शेवटी, पूर्ण भार चालू असताना प्रत्येक सांध्याचं तापमान बघायचं आणि मिल बंद झाली की तापलेला सांधा दुरुस्त करायचा. चांगली पद्धत आहे. हिने कितीतरी आगी टळल्या. पण कॅमेऱ्याला लोखंडी दारातून दिसत नाही. दार उघडावं लागतं, तेही वीज चालू असताना, आणि नेमकं तेच होऊ नये म्हणून तर ती एकच चावी बनवलेली असते.

यावर योग्य उपाय आहे. दाराला तपासणीची काच बसवून घ्यायची. ती मागवायला तीन-चार महिने लागतात आणि मिलवाल्यांना पटवावं लागतं. मी सोपा उपाय काढला. प्रत्येक ठिकाणी एक जादा चावी. सगळ्या माझ्याकडे, एका कड्यात, मी असतानाच वापरायच्या. अशा चौदा झाल्या. सगळे इलेक्ट्रिशियन त्याला साहेबांचा जुडगा म्हणायचे. एकानेही मला विचारलं नाही. विचारलं फक्त बजरंगने.

२०१७ सालची गोष्ट. ब्रेकर बंद करून मी त्याच्या हातात चावी दिली आणि म्हणालो, "बाजारात जाऊन अशीच एक करून आण." तो तिथेच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, एकच चावी असती म्हून तुमीच सांगितलं नं? ह्या भिंतीवर म्या काय लिवलंय मंग?" मी म्हणालो, "ते तुमच्यासाठी आहे. ही माझ्याजवळ राहील." तो हसला. "बरं हाय. तुमाला शॉक लागत न्हाई व्हय?" मीही हसलो. परत आल्यावर त्याने चावीवाल्याची नक्कल करून दाखवली : "ऐसी टेढी चावी पैली बार देख रऊँ, मियाँ. तिजोरी खोल रै क्या?"

आता २०१९ चा एप्रिल. मंगळवारी मी कॅमेरा घेऊन मिलवर आलो. बजरंगने बॅटरी धरली. दोन नंबरच्या पॅनेलचा एक सांधा तापलेला दिसला. मी त्याला म्हणालो, "हंगाम संपला की हा घट्ट कर." तो चहा सांगायला गेला, तेवढ्यात मला दुसऱ्या मिलचा फोन आला. मी बोलत बोलत दार लावलं, कुलूप केलं, चावी काढली आणि खिळ्यावर अडकवली.

वीस वर्षांची सवय होती ती. दार लावलं की चावी खिळ्यावर. बजरंगलाही मीच ती लावली होती. चावी कड्यातून काढलेली होती, कारण जुडगा कुलपाला आडवा यायचा. मी कॅमेरा बॅगेत भरला आणि निघालो. संध्याकाळी जुडगा कपाटात ठेवताना मोजला नाही.

बुधवारपासून बजरंग सुट्टीवर होता, पालमला लग्नाला. तूही गेली होतीस. गुरुवारी हंगाम संपला आणि यंत्रं थांबली. पण दोन नंबरचा ब्रेकर चालूच ठेवला होता, ट्रान्सफॉर्मर कोरडा राहावा म्हणून. शनिवारी सकाळच्या बसने बजरंग थेट मिलवर आला. यंत्रं बंद, सगळं शांत. वीज चालू असल्याचं दाखवणारा पॅनेलवरचा लाल दिवा आठवड्यापूर्वीच गेलेला. खिळ्यावर चावी. त्याला वाटलं, आपल्या मागे कुणीतरी ब्रेकर बंद करून ठेवला. दुसऱ्या चावीचं त्याला माहीत होतं, पण ती परभणीत माझ्या कपाटात आहे हेही माहीत होतं. त्याने भिंतीवरच्या स्वतःच्या अक्षरावर विश्वास ठेवला.

रॉड लावला नाही हे खरं. मीही किती वेळा लावलेला नाही. चावी हातात असली की लावावासा वाटत नाही.

अकरा वाजता मिलचे मॅनेजर महारुद्र यांचा फोन आला. नंतर तपासणीही मलाच दिली, कारण जिल्ह्यात या कामाचा दुसरा माणूस नव्हता. दारात चावी होती. ब्रेकर चालू, मूळ चावी त्याच्या कुलपात अडकलेली. मी दारातली चावी बघितली आणि ओळखली. घरी जाऊन जुडगा मोजला. तेरा.

अहवाल मी तीन दिवसांनी लिहिला. त्यात एकही वाक्य खोटं नाही. चावी बजरंगने बनवून आणली होती. मूळ चावीसारखीच होती. रॉड लावलेला नव्हता. मी फक्त स्वतःला त्यातून काढून घेतलं.

तुला शिकवलं, नोकरीला लावलं, ते मनापासून केलं असं मी मागे लिहिलं. मायेने केलं. भीतीनेही केलं. दोन्हीचं प्रमाण मला सांगता येणार नाही.

व्यंकटराव सेलूकर


परभणी,
१७ सप्टेंबर २०२४

राजेश्री,

आज मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी आहे. कचेऱ्या बंद आहेत, म्हणून लिहायला वेळ आहे.

मागच्या पत्राच्या पोचपावतीवर तू सहीखाली एक शब्द लिहिलास : 'सहीनिशी.' मला समजलं. मी साध्या कागदावर चार पानांचं निवेदन लिहिलं, परवाना क्रमांकासह सही केली आणि प्रत तुला पाठवली. ती मिळाली असेल. एक प्रत चौकशी झाली त्या कचेरीत दिली. तिथल्या कारकुनाने ती उलटसुलट करून बघितली. म्हणाला, "सर, हे प्रकरण तर बंद झालंय. यात आता काय करायचं?" मी म्हणालो, "उघडा." तो म्हणाला, "उघडायला वरून पत्र लागतं. तुमचं खालून आलंय." पोच मात्र दिली.

एक प्रत मिलला दिली. महारुद्र यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं. "सर, तुमाला झालंय काय? मेलेला माणूस परत येनार हाय का? आमचं काय, तुमचं काय, सगळंच उकरनार का आता? तब्येत बरी हाय नं? वहिनींला फोन लावू का?"

मी म्हणालो, "लावा. तिनेच टाइप केलंय."

पॅनेलच्या खोलीत जाऊन आलो. नवी माणसं आहेत. दाराला आता तपासणीची काच बसवली आहे, तीन महिन्यांत आली म्हणे. भिंतीवर बजरंगचं अक्षर तसंच आहे. त्याखालच्या खिळ्यावर कुणाचा तरी शर्ट टांगलेला होता.

उरलेल्या तेरा चाव्या गेल्या तीन आठवड्यांत मी एकेका ठिकाणी जाऊन, मालकांसमोर करवतीने कापल्या. दोन ठिकाणी माझं काम कायमचं बंद झालं. एका ठिकाणी मालक म्हणाला, "कापताय कशाला, सर? पुढच्या साली कॅमेरा कसा लावनार?" त्याच्या इलेक्ट्रिशियनने खिशातून आणखी एक काढून दाखवली. माझ्या चावीवरून त्याने स्वतःसाठी केली होती. "साहेब करत्यात म्हून म्या बी केली," म्हणाला. तीही कापली. आणखी कुठे कुठे असतील, मला माहीत नाही.

वर्ग घेणं बंद केलं. ज्या बावीस ठिकाणी चौथं प्रकरण दाखवलं, त्या सगळ्यांना पत्र पाठवलं. सहा जणांनी 'मिळालं' असं कळवलं.

परवा पुन्हा ताडकळसला गेलो आणि धुरपताबाईंसमोर निवेदन वाचलं. सटवाजींनी शेजारच्या चार माणसांना बोलावून आणलं. "मोठ्यानं वाचा, साहेब. त्या पानटपरीवर ऐकू जाऊ द्या," म्हणाले. मी मोठ्याने वाचलं. कठीण शब्द आला की सटवाजी थांबवायचे आणि म्हणायचे, "म्हंजी?" मग मी सोपं करून सांगायचो. बजरंगने चोरी केली नाही. चावी माझ्यासाठी होती. खिळ्यावर मी ठेवली. एक म्हातारा म्हणाला, "मंग पाच साल कुठं व्हता?" मी पुढचं पान वाचायला घेतलं. पानटपरीवरची पोरं हसत नव्हती.

धुरपताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. "आन् लाल पट्टी? ती कशी दिसली न्हाई त्यांला?"

मी म्हणालो, "निघून पडली असेल."

त्या म्हणाल्या, "पडली आसंल." माझ्याकडे बघत राहिल्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आलो.

व्यंकटराव सेलूकर


परभणी,
६ ऑक्टोबर २०२४

राजेश्री बजरंग शिराळे यांस,

लाल पट्टी निघून पडली नव्हती. मी काढली.

निवेदनात हे नाही. मागच्या पत्रातही मी ते लिहिलं नाही. बाकी सगळं सांगून झाल्यावर एवढं एक माझ्याकडे ठेवता येईल असं मला वाटलं होतं.

२०१८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. बजरंगने पट्टी चांगली तीन वेढे देऊन बसवली होती. तो सगळं तसंच करायचा. पण जुडगा माझ्या पँटच्या खिशात असायचा, उन्हाने पट्टीचा डिंक सुटायचा, बोटांना लागायचा, खिशातला कचरा तिला चिकटायचा. बाकीच्या चाव्याही चिकट व्हायला लागल्या. एका दुपारी सेलूच्या मिलबाहेर गाडीत बसलो होतो, मालक जेवायला गेला होता. मी नखाने पट्टी सोलली, गोळी केली आणि खिडकीतून टाकली. दोन मिनिटांचं काम. ती कशासाठी लावली होती हे मला माहीत होतं. चावी माझ्याच कड्यात आहे, मिसळणार कुठे, असं मला वाटलं.

पट्टी असती तर त्या शनिवारी खिळ्यावर लाल चावी दिसली असती. बजरंगने तिला हात लावला नसता. मला फोन केला असता आणि म्हणाला असता, 'साहेब, तुमची इसरली हितं.'

अहवालात मी लिहिलं : चावीवर कोणतीही खूण आढळली नाही. ते लिहिताना चावी माझ्या टेबलावर होती. मुठीच्या एका बाजूला डिंकाचा काळा थर राहिलेला होता. तो मला दिसला. फोटो काढताना मी दुसरी बाजू वर केली. त्या अहवालात एकही वाक्य खोटं नाही, असं मी तुला लिहिलं होतं. हे एक होतं.

तो फोटो वर्गातही दाखवायचो. तू तोच बघितलास.

चौकशीनंतर चावी परत कुणी मागितली नाही. ती माझ्याकडेच राहिली. आज सकाळी ती घेऊन ताडकळसला गेलो. या वेळी ओट्यावर बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. पट्टी मी काढली, हातांना चिकटत होती म्हणून. सटवाजींच्या हातात दावं होतं, ते त्यांनी खाली टाकलं आणि दोन पावलं पुढे आले. धुरपताबाई म्हणाल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडे हात पुढे केला. "बघू."

मी चावी दिली. त्यांनी ती उजेडाला धरली, उलटी केली, मुठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होत्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "अजून चिकट हाय."

पदराने त्यांनी अंगठा पुसला. मग चावी मला परत दिली. "ही पोरीला धाडा. तिला कळंल काय करायचं ते. आन् साहेब, आता पुन्यांदा येऊ नका."

म्हणून चावी सोबत पाठवत आहे. कागदात गुंडाळलेली नाही, डिंकाला कागद चिकटतो. प्लास्टिकच्या डबीत आहे. फोटोत नसलेली बाजू वर ठेवली आहे.

व्यंकटराव सेलूकर